अकरा हजेऱ्या

आमच्या गिरणीत कॉम्प्युटरच्या खोलीला कुणी कॉम्प्युटरची खोली म्हणत नसे. गारखोली म्हणत. एप्रिलमध्ये सोलापूरचं डांबर चपलेला चिकटायचं, साळखात्यात मागांवरची माणसं बनियन पिळून पुन्हा अंगात घालायची, आणि मी मात्र स्वेटरची बटणं लावून बसलेली असायची. तो गारवा माझ्यासाठी नव्हता, यंत्रासाठी होता. पण त्यातला थोडा मान आपलाही आहे, असं मला वाटायचं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी सव्वीस वर्षांची होते. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, पुण्याला सहा महिने प्रोग्रॅम लिहायला शिकून आलेली, आणि गिरणीच्या ऑफिसातली एकुलती एक बाई. नाकावर माशी बसू देत नसे. कुणी साधं काही सांगायला आलं तरी हा मला शिकवायला आला, असंच आधी वाटायचं. वयानं तो स्वभाव निवळला असं घरचे म्हणतात, मला खात्री नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यात यंत्राचा दोष फार थोडा आहे, म्हणून माझ्याबद्दलचं हे आधीच सांगून टाकते.

खोलीत साहेब होते, मी होते, यंत्राला माहिती पुरवायच्या कार्डांना भोकं पाडणारे दोघं होते आणि मामा होते. मामांचं खरं नाव हजेरीच्या चिठ्ठीवर मी रोज लिहीत असे, पण हाक मारताना सगळे मामाच म्हणायचे. चाळिशी ओलांडलेले, करमाळ्याकडचे. शेती भावाकडे, बायकोपोरं गावी, आणि स्वतः स्टेशनजवळच्या एका खोलीत सातआठ जणांबरोबर राहत. काम तसं सगळंच करत: गारव्याचं मशीन चालू ठेवायचं, छपाईच्या कागदाच्या पेट्या उचलून आणायच्या, धूळ पुसायची, तारा ओढायच्या. कायमच्या शिपायानं सर्दी होते म्हणून ही खोली नाकारली होती, तेव्हा साळखात्यातून मामांना पाठवलं गेलं. ते बदली होते.

बदली म्हणजे गिरणीचा असून नसलेला माणूस. रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटात येऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोण आला नाही ते जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बघणार आणि उभ्या असलेल्यांपैकी तेवढ्यांना आत घेणार. बाकीच्यांनी डबा तसाच काखेत मारून परत जायचं. मामा अकरा वर्षं असे उभे राहत होते. आमच्या खोलीत रोज त्यांनाच पाठवायचं असं साहेबांनी ठरवून दिल्यावरसुद्धा सकाळी गेटातली रांग काही चुकली नव्हती. बदली माणसाला रोज नव्यानं घ्यायचं, हा नियम.

दुसरा नियम असा की, जानेवारी ते डिसेंबर एका वर्षात दोनशे चाळीस हजेऱ्या भरल्या की बदली माणूस कायम होई. कायम झाला की गिरणीच्या चाळीत खोली मिळे. एक हजेरी कमी पडली तर एक जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरुवात. मामांच्या आधीच्या दहा वर्षांत एकदाही तेवढ्या भरल्या नव्हत्या. आमच्या खोलीत आल्यापासून मात्र त्यांचा दिवस वाया जात नव्हता, आणि त्या वर्षी त्या भरणार हे दिसायला लागलं होतं. चाळीतली खोली मिळाली की बायकोपोरांना संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला आणायचं आणि परत पाठवायचंच नाही, असा त्यांचा बेत होता. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मामा एरवी कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत.

गारव्याच्या मशीनमागच्या भिंतीवर ते रोज पेन्सिलीनं एक रेघ मारत. भिंत खराब होते म्हणून मी एकदा बोलले होते. त्यानंतर ते रेघा बारीक मारायला लागले.

आता यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. गिरणीचा सगळा हिशोब, म्हणजे कुठल्या मागावर किती कापड निघालं, गोदामात सूत किती, कुठल्या बदलीच्या हजेऱ्या किती, हे एका पेटीत साठवलेलं असे. कंबरेइतकी उंच लोखंडी पेटी, आत एकावर एक रचलेल्या थाळ्यांसारख्या तबकड्या. आमचे प्रोग्रॅमही त्यातच असत, आणि त्यातले निम्मे मी लिहिलेले होते. ही पेटी बाहेरच्या कंपनीची होती, भाड्यानं घेतलेली. ती भरत आली, म्हणून डिसेंबरमध्ये गिरणीनं स्वतःची मोठी पेटी घेतली. जुन्या पेटीतलं सगळं नवीन पेटीत हलवायचं आणि दोन आठवडे नीट चाललंय असं बघून जुनी परत करायची, असं ठरलं. ते काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं.

प्रत्येक पेटीला पुढच्या बाजूला एक खाच असे आणि त्यात नंबराची बोटभर प्लॅस्टिकची खुंटी खोचलेली असे. ज्या पेटीत एकची खुंटी ती यंत्राच्या लेखी एक नंबरची, दोनची खुंटी ती दोन नंबरची. जुनी एक होती, नवीन दोन. आमचे सगळे प्रोग्रॅम 'एक नंबरवर लिही, एक नंबरवरून वाच' असं सांगणारे होते. नुसत्या खुंट्या अदलाबदल केल्या असत्या तरी काम भागलं असतं. पण परक्याच्या पेटीला हात लावू नये, आणि प्लॅस्टिकच्या खुंटीपेक्षा आपल्या कागदावर विश्वास ठेवावा, असं माझं मत. मी महिनाभर बसून प्रत्येक प्रोग्रॅममधला 'एक' खोडून 'दोन' केला. एकही सुटला नाही. त्या कामाचा मला इतका अभिमान होता की घरी जेवताना मी तेच बोलत असे, आणि वडील, ज्यांना त्यातलं काहीच कळत नव्हतं, मान डोलवत.

डिसेंबरच्या मधल्या रविवारी हलवाहलव केली. गिरणीला सुट्टी, यंत्रावर दुसरं काम नाही. सुट्टीच्या दिवसाची हजेरी लागत नाही, हे मी मामांना आदल्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, येतो की. सकाळी आठला ते माझ्याआधी येऊन पायरीवर बसले होते. माग बंद असले की गिरणी ओळखू येत नाही. खडखडाटाची सवय झालेल्या कानांना ती शांतता टोचते.

दुपारी दोनपर्यंत जुन्यातलं सगळं नवीन पेटीत उतरलं. मग मी ताळा करायच्या याद्या घेऊन साहेबांच्या टेबलाशी बसले. इकडे मामांनी नवीन पेटी ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या फडक्यानं. आणि मग त्यांनी दोन्ही पेट्यांच्या खुंट्या काढून एकमेकींत घातल्या.

का, ते मला फार उशिरा कळलं. साळखात्यात जुना माग मोडीत निघाला आणि त्या जागी नवीन आला की, जुन्या मागाची पितळी नंबरपट्टी काढून नव्या मागाला बसवायची, अशी तिथली रीत. नारळ फोडायचा आणि पट्टी बसवायची. मागाचा नंबर म्हणजे त्या विणकराची गिरणीतली जागा. लोखंड बदललं तरी माणसाची जागा जाऊ नये, म्हणून नंबर नव्याकडे न्यायचा. त्याशिवाय नव्या मागाला कुणी हात लावत नसे. मामांनी अकरा वर्षांत असे कितीतरी माग बदलताना पाहिले होते. इथे मी नारळ फोडू देणार नाही हे त्यांना माहीत होतं. उदबत्तीवरून एकदा माझी बोलणी खाऊन झाली होती. म्हणून त्यांनी फक्त नंबर हलवला.

आणि हलवून मला सांगितलं. टेबलापाशी येऊन, हात पुशीत म्हणाले, "लंबर हलवला बगा बाई. नव्याला जुन्याचा दिला."

मी चाळीस पानांच्या यादीत होते. "बरं," म्हटलं.

मी ते ऐकलं नाही असं आजवर मला म्हणता आलेलं नाही. शब्द न शब्द ऐकला होता. पण नंबराबद्दल मामांना काय कळणार, अशी माझी खात्री होती. कुठल्याशा पेटीवरचा खडूचा आकडा पुसून दुसरीकडे लिहिला असेल, एवढंच मनात आलं आणि गेलं.

मी प्रोग्रॅममध्ये एकाचे दोन केले आणि मामांनी पेट्यांच्या खुंट्या बदलल्या, त्यामुळे एका बदलानं दुसरा बदल फुकट गेला. प्रोग्रॅम 'दोन नंबर' म्हणत होते, आणि दोनची खुंटी आता जुन्या पेटीत होती. नवीन पेटी रविवार दुपारची नक्कल पोटात घेऊन नुसती उभी, आणि सोमवारपासूनचा रोजचा हिशोब पुन्हा जुन्या पेटीतच जाऊ लागला. ताळा जुळला, कारण त्या दिवशी दोन्हींत तेच होतं. यंत्र कुरकुरलं नाही. साहेबांनी मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली.

दुसऱ्या आठवड्यात मामा पुन्हा म्हणाले होते की जुन्या पेटीचा दिवा अजून लुकलुकतोय, नव्याचा तसा लुकलुकत नाही, जुनंच काम करतंय वाटतं. मी वळूनही बघितलं नाही. ते वीज चालू असल्याचं लक्षण आहे मामा, आधी कागदाच्या पेट्या आणा, असं मी म्हणाले. ते पेट्या आणायला गेले. तिसऱ्यांदा त्यांनी काही सांगितलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फडक्यात बांधलेल्या शेंगापोळ्या दिल्या. गावाकडून कुणी आलं होतं, त्याच्याबरोबर बायकोनं पाठवल्या होत्या. आज दोनशे चाळीस झाल्या, असं ते म्हणाले आणि मशीनमागे जाऊन रेघ मारून आले. मी त्यांच्यादेखत एक पोळी खाल्ली. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता.

नाताळनंतरच्या शनिवारी कंपनीचा माणूस आला. त्यानं जुन्या पेटीच्या तारा सोडवल्या, ती ट्रकमध्ये चढवली आणि माझी सही घेऊन गेला.

सोमवारी सकाळी यंत्र सुरू केलं तर ते दोन नंबर सापडत नाही असं सांगू लागलं. मी नवीन पेटीपाशी वाकले. खाचेत एकची खुंटी होती. ती बघितल्याबरोबर मला रविवारचं ते वाक्य आठवलं. यादी छापून पाहिली. सगळ्या नोंदी त्या मधल्या रविवारपाशी थांबलेल्या. पुढचे दोन आठवडे जुन्या पेटीबरोबर ट्रकमधून गेले होते.

पेटीच्या कंपनीला पुण्याला ट्रंक कॉल लावला. तो दुपारी तीनला लागला. पलीकडचा माणूस खुशीत होता. पेटी कालच पुसून स्वच्छ केली, दुसरं गिऱ्हाईक थांबलं होतं, आमच्याकडे कामाला उशीर होत नाही, म्हणाला.

कार्डं असती तर सगळं पुन्हा भरता आलं असतं. पण वापरलेली कार्डं दुसऱ्या दिवशी पॅकिंगला जात. जाड कागद फुकट जाऊ नये म्हणून त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माल लिहून ती चादरींच्या गाठींना बांधत. आमचे दोन आठवडे गाठींबरोबर कुठकुठल्या बाजारात पोचले होते.

तरी गिरणी सावरली. प्रत्येक खात्याच्या जॉबरकडे हजेरीची वही असे. त्या मागवल्या. लेबर ऑफिसचा कारकून शेजारी बसवला. आम्ही कार्ड भरायचं, वहीचं पान दाखवायचं, त्यानं खूण करायची. वहीत नाही ते कार्ड यंत्रात जाणार नाही, असं ठरलं होतं. सूत गोदामाच्या पावत्यांवरून काढलं, कापड खात्याच्या पाट्यांवरून. सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन दिवस मान वर न करता काम केलं. बुधवारी एकतीस तारीख. संध्याकाळी वर्षाची बदल्यांची यादी लेबर ऑफिसला द्यायची होती. दुपारपर्यंत एकेका नंबरापुढचे दिवस परत आले. एकाचे आले नाहीत.

मामा कुठल्याच जॉबरच्या वहीत नव्हते. साळखात्याच्या जॉबरनं त्यांना आमच्याकडे पाठवलेलं, म्हणून त्याच्या वहीत त्यांचं पान कोरं. त्यांची हजेरी मी देत असे. रोज संध्याकाळी एका चिठ्ठीवर त्यांचं नाव आणि नंबर लिहायचा, ती कार्डवाल्यांकडे द्यायची, कार्ड झालं की चिठ्ठी कचऱ्याच्या टोपलीत. म्हणजे त्यांची जॉबर मी होते, आणि माझ्याकडे वही नव्हती. एवढी सुधारलेली खोली, तिथे वही कशाला, असंही मीच म्हटलं होतं.

रविवारपर्यंतच्या दोनशे एकतीस आणि हे शेवटचे तीन दिवस, मिळून दोनशे चौतीस. मधल्या अकरा नाहीत. भिंतीवर त्या अकरा रेघा होत्या. कारकुनानं त्या येऊन बघितल्या, आणि भिंतीला काय खूण करू बाई, असं विचारलं. त्याचं चुकलं नाही.

लेबर ऑफिसर मात्र वाईट माणूस नव्हता. वही नसेल तर खात्याच्या जबाबदार माणसानं लेखी द्यावं, नोंद का नाही त्याचं कारण लिहावं, मी बघतो, असा त्याचा निरोप आला. मी लगेच लिहायला बसले. दोन पानं लिहिली. प्रोग्रॅममधले एकाचे दोन, खुंट्यांची अदलाबदल, मामांनी मला ते सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नाही, दिव्याचंही सांगितलं होतं, तेही उडवून लावलं. दोष माझा, असं शेवटी लिहिलं आणि सही केली. लिहून झाल्यावर बरं वाटलं. पत्र साहेबांकडे नेलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. ते रागावले नाहीत. दार लावून घ्या, म्हणाले. मग हळू आवाजात सांगितलं की मुंबईच्या ऑफिसला 'यंत्रातील बिघाड' अशी तार परवाच गेली आहे. आता या पत्रात खुंट्या आल्या की चौकशी लागणार. चौकशीत पहिला प्रश्न, यंत्राला हात कोणी लावला.

"बदली माणसाचा हात लागला, एवढ्यावर तो कायमचा गेटबाहेर जाईल," साहेब म्हणाले. "दुसऱ्या जाल तुम्ही. त्यापेक्षा सहा दिवसच कमी पडतायत ना? पुढच्या वर्षी भरतील."

त्यांचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, आणि तेच वाईट. मला मामांच्या भल्यासाठी गप्प बसण्याची सोय मिळाली. मी नोकरी करणारी आमच्या गल्लीतली पहिली मुलगी, माझ्या पाठची दोघं शिकत होती, पुण्याच्या त्या सहा महिन्यांसाठी आईनं काय काय केलं होतं, हे सगळं तिथं उभ्याउभ्या आठवलं. साहेबांनी पत्राच्या घड्या घातल्या आणि खणात टाकलं. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण त्या वेळी लाज नव्हती, नुसती सुटका होती. लेबर ऑफिस आमच्या दारापासून पन्नास पावलांवर होतं. दुसरं पत्र लिहून मी स्वतः जाऊ शकले असते. खुंट्यांचा उल्लेखही करायची गरज नव्हती. हा माणूस या अकरा दिवशी माझ्यासमोर काम करत होता, एवढं एक वाक्य पुरलं असतं की नाही, ते आजमावायला तरी हवं होतं. मी जागची हलले नाही.

संध्याकाळी यादी गेली. मामा मशीनपाशी उभे होते. त्यांना बातमी कळली होती, गिरणीत काही लपत नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, मामा, सहा कमी पडल्या, पुढच्या वर्षी नक्की भरतील.

ते भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "लंबर मीच हलवला व्हता. तुमाला सांगितलं व्हतं की, बाई."

"हो," मी म्हटलं.

एवढंच बोलणं झालं. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. आपण सांगितलं होतं की सांगायचं राहिलं, एवढीच त्यांना खातरजमा करायची होती, असं मला वाटतं.

गड्ड्याला त्यांची मंडळी आली नाहीत. एक जानेवारीला सकाळी ते गेटात रांगेत उभे होते. मी रिक्षातून उतरताना मला दिसले, आणि मी मान वळवली.

पण त्या दिवसापासून एक नवीन गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी मी निघायच्या आधी मामा माझ्या टेबलाशी येत आणि शाळेतल्या पोरांची असते तशी चौकटीची वही पुढे ठेवत. पानावर तारीख त्यांनी आधीच घातलेली असे. "सही, बाई," म्हणत. मी सही करत असे. वही मिटून ती ते डब्याच्या पिशवीत ठेवत. रोज. एकदा मला ताप होता आणि मी दुपारी घरी निघाले, तर ते जिन्यापर्यंत वही घेऊन आले. भिंतीवरच्या रेघा मात्र बंद झाल्या. मला त्या वहीचा आधी राग आला, मग भीती वाटू लागली, आणि मग सवय झाली. कुणी मला चार शब्द ऐकवले असते तर मी उलटून बोलले असते, तेवढा माझा स्वभाव मला माहीत होता. वहीला काय उत्तर देणार?

त्या वर्षी ऐन पावसाळ्यात गिरणीनं तिसरी पाळी बंद केली. कायम माणसंच जास्त झाली, बदल्यांना गेटातून आत घेईनात. सर्दीचं कारण सांगून ज्यानं आमची खोली नाकारली होती, तोच शिपाई आता मुकाट्यानं येऊन मामांच्या जागी बसला. तो कायम होता. मामांच्या वहीत तेव्हा माझ्या एकशे त्रेसष्ट सह्या झाल्या होत्या. त्यानंतरही ते दोनेक आठवडे गेटात उभे राहत, असं मी ऐकलं.

मग एका सकाळी ते गारखोलीत आले. धुतलेला सदरा, हातात ती वही. बार्शीला एका डाळमिलमध्ये काम मिळतंय, पण आधी कुठं काम केलं त्याचा कागद मागतायत, द्याल का, असं विचारलं. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

मी गिरणीचा छापील कागद घेतला आणि मराठीतच, हातानं, स्वच्छ अक्षरात लिहिलं. हे गृहस्थ या खात्यात माझ्या देखरेखीखाली काम करत होते. काम चोख, वर्तणूक उत्तम. चालू वर्षी त्यांनी एकशे त्रेसष्ट दिवस काम केले. गेल्या वर्षी जानेवारी ते डिसेंबर त्यांनी एकूण दोनशे पंचेचाळीस दिवस काम केले. शब्दात लिहिलं, पुढे आकड्यात २४५ लिहिलं. खाली सही केली, हुद्द्याचा शिक्का मारला. कुणाला विचारलं नाही. तेवढा अधिकार माझ्या सहीला होता, आणि आदल्या डिसेंबरातही होता.

मामा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरून ओळीवर बोट ठेवत वाचला. बोट आकड्यावर थांबलं.

"ह्यात त्या अकरा धरल्या व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो, मामा."

मग त्यांनी माझ्याकडे न बघताच कागदाची जपून घडी केली.

"मंग हे लिवता येत व्हतं की, बाई."

त्यांनी घडी वहीत ठेवली, वही पिशवीत ठेवली आणि मला नमस्कार केला. जाताना दार बाहेरून घट्ट ओढून घेतलं. आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार असंच लावायचं, हे पहिल्या दिवशी मीच त्यांना सांगितलं होतं.